धुराड्याचा कान

कुस्तोदियाच्या घरात पाऊस छपरातून आला नाही, खिडकीतूनही आला नाही. तो आला धुराड्यातून, आणि पडला तोही सरळ चुलीत. नोव्हेंबरातली संध्याकाळ होती, ओकच्या लाकडांनी नुकता कुठे पेट धरला होता. शिळ्या पावाचे तुकडे वाडग्यात घालून, वर लसूण आणि कोथिंबीर ठेचून टाकून ती पाण्याला उकळी येण्याची वाट बघत बसली होती, तेवढ्यात चुलीत चर्र झालं. तिला वाटलं, भांडं उतू गेलं. मग दुसरं चर्र, तिसरं. मान वर केली तर कपाळावर एक थेंब पडला, थंडगार. हाताने पुसला तर हात काळा, कपाळही काळं. काजळीचं पाणी ते, सहज निघतंय कुठे! दुसरी एखादी असती तर तशाच तोंडाने शेजारणीकडे गेली असती आणि दोघी पोट धरून हसल्या असत्या. कुस्तोदियाने साबणाने तोंड धुतलं, चुलीच्या कडेला एक तसराळं लावलं आणि मुकाट्याने जेवून घेतलं.

आमच्या ह्या अलेंतेजात, पोर्तुगालच्या दक्षिणेला, धुराडं म्हणजे छपरावरची नळी असं कुणी समजू नये. आमची धुराडी घराच्या दर्शनी अंगाला, रस्त्याला लागून, थेट जमिनीपासून उठतात. विटांची, चुन्याने पांढरीशुभ्र केलेली, आणि आत दोन माणसं बाकावर बसून शेकतील एवढी ऐसपैस. थंडीत माणूस खोलीत बसत नाही, धुराड्यात बसतो. डोक्यावर धुराला टांगलेले लाल सॉसेज, पायाशी निखारे. आणि बसल्या जागी डोक्याच्या उंचीवर, रस्त्याकडच्या भिंतीत, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद अशी एक फट. तिला सगळे कान म्हणतात. दाराशी कोण आलंय ते चुलीपासून न उठता कळावं म्हणून जुन्या लोकांनी ती ठेवली. करवसुलीवाला आला तर घरात कुणी नाही, मामा आला तर या, बसा. आताशा बहुतेक घरांनी आपापले कान बुजवून टाकलेत. घरात टीव्ही आले आणि रस्त्यावर ऐकण्याजोगं बोलणारी माणसं कमी झाली.

कुस्तोदियाने बुजवला नव्हता. तिला गावात तोंडावर मानी म्हणत आणि पाठीमागे शिष्ट. नवरा नोर्बेर्तू गेल्यापासून तिने काळे कपडे अंगावर चढवले ते चढवलेच. मुलगी इदालिना लिस्बनला, वर्षातून दोनदा यायची आणि आल्या पावली जायची. संध्याकाळी गल्लीतल्या बायका दारात खुर्च्या टाकून बसत, तेव्हा ही दार लोटून घ्यायची. कुणाच्या घरात काय शिजतं त्याच्याशी मला काय करायचंय, असं तिने एकदा सगळ्यांदेखत सुनावलं होतं. त्यानंतर तिला कुणी बोलवायच्या भानगडीत पडलं नाही. आणि गंमत अशी की तिचं खरंच कुणावाचून अडत नाही, अशी गावाची खात्री पटली.

आता खरं काय ते सांगतो. धुराड्याच्या बाहेरच्या अंगाला एक दगडी ओटा आहे. आत चूल पेटली की भिंत ऊबदार होते, आणि त्या उबेला पाठ लावून थंडीत म्हातारे बसतात. कुस्तोदियाच्या भिंतीला चौघं बसायचे. मेंढपाळ बाल्ताझार, बुचाच्या झाडांची साल काढणारा फिर्मिनू, आणि आणखी दोघं. भिंतीच्या एका बाजूला त्यांच्या पाठी, दुसऱ्या बाजूला हिची. मध्ये वीटभर अंतर. ऑलिव्हला काय भाव आला, कुणाची सून माहेरी गेली, कुठल्या वर्षी नदी गोठली होती आणि कुठल्या वर्षी नुसतीच गोठल्याची बातमी होती, असलं सगळं चालायचं. बाल्ताझारला कमी ऐकू येई, त्यामुळे बाकीचे ओरडून बोलत, आणि तो स्वतः तर जन्मभर मेंढरांना हाका मारलेला माणूस, त्याचा आवाज दोन गल्ल्या ऐकू जायचा. कुस्तोदिया विणकाम घेऊन बसायची आणि कान लावून ऐकायची. कधीकधी हसू आवरेना तेव्हा ओठांवर पदरासारखी शाल दाबून धरायची. कुणाच्या घरात काय शिजतं ते तिला सगळ्या गावाआधी कळत होतं.

मग चौघांचे तिघं झाले, तिघांचे दोघं झाले. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात फिर्मिनू गेला. त्या आठवड्यात कुस्तोदियाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आता बाल्ताझार कशाला येतोय? एकटा माणूस ओट्यावर बसून करणार काय? पण चूल पेटवल्यावर थोड्या वेळाने त्याची काठी दगडावर आपटली, तो बसला, खाकरला आणि बोलायला लागला. फिर्मिनूला मातीत ठेवताना पाद्रीबाबा कसे सर्दीने बेजार झाले होते, ते सांगितलं. मग हवा, मग पेन्शन, मग नातवाची मोटारसायकल. मध्येच थांबायचा, परत सुरू करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हातारी माणसं स्वतःशी बोलतातच, असं कुस्तोदियाने मनाला सांगितलं. मात्र त्या दिवसापासून ती चूल तासभर आधी पेटवायला लागली, तो यायच्या आत भिंत तापलेली असावी म्हणून.

तिने त्याला कधी उत्तर दिलं नाही. कसं देणार? एक शब्द तोंडातून गेला असता तर इतकी वर्षं आत बसून ऐकत होते हे कबूल करावं लागलं असतं. एकदा तो म्हणाला होता, आज धूर उशिरा निघाला, बरंबिरं नाही की काय. तेव्हा ती सुया हातात धरून नुसती बसून राहिली. ताप आला होता तिला, खरंच आला होता, आणि गावात दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

तर असा हा कान. आणि आता पाऊस आत येत होता.

डिसेंबर लागेपर्यंत तसराळं पुरेना. काळं पाणी आतल्या भिंतीवरून ओघळून खाली यायचं, चुन्यावर त्याचे तपकिरी पट्टे उमटायचे, आणि पुसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा वर यायचे. घरभर ओल्या काजळीचा वास. विटांचे पापुद्रे सुटून चुलीत पडायला लागले. एका पावसाळी सकाळी तर सगळी चूलच विझली, आणि उघडीप पडल्यावर बाल्ताझार बाहेर येऊन बसला तेव्हा भिंत थंड होती. तरीही तो बसला. आत ती ओल्या लाकडांशी झटापट करत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, धुराचं म्हणा. त्याच रात्री इदालिनाचा फोन आला. शेजारच्या लिओनील्दने तिला सगळं कळवलं होतं. आई, एक तर गवंडी बोलाव, नाहीतर मी येऊन तुला वृद्धाश्रमात ठेवते, अशा गळक्या घरात बसून राहू नकोस, असं ती म्हणाली. कुस्तोदियाने गवंडी बोलावला.

झाकारियाश गवंडी आला, त्याच्यामागून न बोलावता लिओनील्दही आली. त्याने बॅटरी घेऊन धुराड्यात मान घातली, वर बघितलं, खाली बघितलं, भिंतीवरून हात फिरवला. बाहेर जाऊन आला. पावसात छपरावर चढायची त्याची काही इच्छा दिसत नव्हती.

"काकू, ही फट आहे ना, इथून येतंय," तो म्हणाला. "पाऊस झोडपतो त्याच अंगाला नेमकं तिचं तोंड. बुजवून टाकतो, अर्ध्या तासाचं काम. तशीही तुम्हाला काय कामाची ती?"

आता सांगा, काय बोलावं? लिओनील्द कमरेवर हात ठेवून उभी होती. कुस्तोदियाच्या मनात चार सबबी येऊन गेल्या. हवा लागते म्हणावं, तर वर एवढं मोठं तोंड उघडं होतं. सासऱ्यांची आठवण म्हणावं, तर सासऱ्याचं नि तिचं कधी पटलं नव्हतं हे सगळं गाव जाणून होतं. खरं तेवढंच शिल्लक राहत होतं, आणि ते लिओनील्दच्या देखत सांगायचं म्हणजे संध्याकाळच्या आत शेवटच्या घरापर्यंत पोचणार. हीच ती, जिला कुणाशी काही देणंघेणं नव्हतं. लोक किती हसतील, आणि बाल्ताझारलाही ते कळेल.

"माझ्या काय कामाची?" ती म्हणाली. "बुजवा."

झाकारियाशने बाहेरून विटेचा तुकडा बसवला, वर गिलावा केला. आत चुलीचा आवाज एकदम मोठा झाला. पहिल्यांदा तर तिला वाटलं, आपल्याच कानाला दडा बसला.

दुसऱ्या दिवशी तिने वेळेवर चूल पेटवली आणि विणकाम घेऊन बसली. काही नाही. काठीचा आवाज नाही, खाकरणं नाही. तो आला होता की नाही हेही कळेना. तिने भिंतीला गाल लावला. नुसती ऊब. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना, म्हणून ती केरसुणी घेऊन बाहेर गेली, जणू उंबऱ्यासमोरची पानं तिच्या जिवावर उठली होती. बाल्ताझार ओट्यावर होता. पण भिंतीला पाठ लावून नव्हता. आडवा बसून त्या नव्या गिलाव्याकडे बघत होता. तिला बघून त्याने टोपी उचलली. ती म्हणाली, गारठा आहे. तो म्हणाला, आहे खरा. एवढंच. तिने झाडून झालेली जागा पुन्हा झाडली आणि आत आली, आणि आल्यावर स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की ज्याचं नाव ते.

त्यानंतर ओटा रिकामाच दिसायला लागला. लिओनील्दने न विचारता सांगितलं की बाल्ताझारला त्याच्या सुनेने खालच्या शहरातल्या वृद्धाश्रमात पोचवलं. सून दोन वर्षं मागे लागली होती, हा ऐकत नव्हता, आणि आता आपणहून म्हणाला, चला, आता इथे बसून तरी काय करू. लिओनील्दला त्यात काही विशेष वाटलं नाही. कुस्तोदियाने नुसतं अच्छा म्हटलं, दार लावलं, आणि चुलीपुढे बसून रडली. मोठ्याने रडली. ऐकायला बाहेर कुणी नव्हतंच.

आणि पाऊस? तो थांबला होता थोडाच. नाताळच्या आधी दोन दिवस असा कोसळला की काळं पाणी पूर्वीपेक्षा दुप्पट आलं. इदालिना सणाला आली होती. तिने ते बघितलं आणि झाकारियाशला फोनवर असं काही झापलं की तो दुसऱ्याच दिवशी ऊन पडताच शिडी घेऊन हजर. ह्या वेळी मात्र तो वर चढला. माथ्यापाशी त्याने थापी लावून रंग जरा खरवडला, तर उकळलेल्या दुधावरची साय निघावी तसा रंगाचा अख्खा पापुद्रा सुटून हातात आला, आणि त्याच्यामागून पाणी भळभळलं. खाली उभ्या असलेल्या लिओनील्दच्या डोक्यावर पडलं ते. ह्या सगळ्या प्रकरणात तेवढंच काय ते कुस्तोदियाच्या मनासारखं झालं.

रंगाची गोष्ट अशी. आमच्याकडे दर वसंतात बाया स्वतः घराला चुना काढतात, आणि कुस्तोदियाचा चुना सगळ्यांच्या आधी लागायचा, सगळ्यांहून पांढरा असायचा. गुडघे गेल्यावर तिला शिडी चढवेना. मजूर लावून चुना काढून घेणं तिला कमीपणाचं वाटे. त्या वर्षी जत्रेच्या समितीने घरोघरी प्लॅस्टिक रंगाचे डबे फुकट वाटले. पाच वर्षं हात लावायला नको म्हणाले. पुतण्या एका दुपारी रूळ फिरवून गेला, धुराडं चकाकायला लागलं, आणि तिनेही ते रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कौतुकाने बघितलं होतं. चुन्याच्या भिंतीत पाणी मुरतं आणि उन्हाने उडूनही जातं. ह्या रंगाने ते कोंडून ठेवलं. माथ्याला केसाएवढी चीर गेली होती, तिच्यातून शिरलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट राहिली नाही, म्हणून ते आत आलं. निम्म्या गल्लीची धुराडी आता अशीच रडायला लागलीत, झाकारियाश म्हणाला. सगळ्याच घरांतल्या बायका म्हाताऱ्या झाल्यात आणि सगळ्यांनाच फुकटचा डबा मिळालाय.

त्याने सगळा रंग खरवडून काढला. चिरेत चुन्याचा माल भरला, वर तीन हात चुना दिला, आणि माथ्यावर दोन कौलं एकमेकांना टेकवून उभी केली, धूर जावा आणि सरळ पडणारा पाऊस अडावा म्हणून. आठवडाभराने पुन्हा झड लागली. इदालिना तेव्हा परत गेली होती. कुस्तोदिया रात्रभर तसराळ्याकडे बघत बसली. ते सकाळपर्यंत कोरडं होतं.

झाकारियाश पैसे न्यायला आला तेव्हा जरा ओशाळलेला होता. टोपी हातात फिरवत म्हणाला, "काकू, त्या फटीचा काही दोष नव्हता. मी उगाच बुजवली. हवी तर उघडून देतो." आणि मग, काहीतरी बोलायचं म्हणून, "बाल्ताझारकाका वृद्धाश्रमात जायच्या आधी मला विचारत होते. हे बाईंनी करून घेतलं का, म्हणून. मी म्हटलं, हो, त्यांनीच सांगितलं बुजवा."

"उघडा," कुस्तोदिया म्हणाली. तो वीट फोडत होता तोवर तिने आत जाऊन चांगली शाल काढली, कधी नव्हे ते आरशात बघितलं, आणि डबाभर सॉसेज घेऊन बसथांब्यावर जाऊन उभी राहिली. वाटेत लिओनील्द दारातच होती. कुठे निघालात, असं तिने विचारलं. वृद्धाश्रमात, बाल्ताझारला भेटायला, असं कुस्तोदियाने सांगितलं, आणि लिओनील्दच्या तोंडाकडे बघायलाही थांबली नाही.

वृद्धाश्रमाच्या दालनात भिंतीला ओळीने खुर्च्या होत्या आणि मध्ये टीव्ही कोकलत होता. बाल्ताझार खिडकीजवळच्या कोपऱ्यात बसला होता. दाढी केलेली होती, अंगात कुणा दुसऱ्याचं स्वेटर होतं. तिथली बाई म्हणाली, हे काही बोलतच नाहीत. कुस्तोदिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने तिला ओळखलं, टोपी उचलायला हात वर नेला, डोक्यावर टोपी नव्हती.

"मी ऐकत होते," ती म्हणाली.

त्याने कानामागे हात धरला. ती पुन्हा म्हणाली. त्याने मान हलवली. तेव्हा ह्या बाईने, जी चारचौघांत कधी आवाज चढवत नसे, शाल सावरून घेतली आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं की मी आतून ऐकत होते, रोज, सगळी वर्षं. कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. ओळीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली होती.

"ते माहीत आहे गं," बाल्ताझार म्हणाला. "धूर निघायचा ना. तू तिथेच बसलेली असणार." त्याने जरा वेळ गुडघे चोळले. "मला वाईट वाटायचं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तू काय उत्तर द्यायचीस ते मला कधी ऐकूच आलं नाही. मी आपला बोलून झालं की थांबायचो, तुझं बोलून होऊ दे म्हणून. मग पुढचं सांगायचो. तू भोक बुजवलंस तेव्हा म्हटलं, दमली बिचारी. किती दिवस बहिऱ्याला उत्तरं देत राहील."

कुस्तोदियाला ते सगळं थांबणं आठवलं. तो विडी वळत असेल असं तिला वाटायचं. त्यातल्या एकाही वेळी तिने तोंड उघडलं नव्हतं.

"देत होतीस ना?" त्याने विचारलं.

"देत होते," ती ओरडली. "रोज देत होते."

"काय म्हणायचीस?"

परतीची बस चारला होती. कुस्तोदियाने एक खुर्ची ओढून त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी लावली आणि बसली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते कळेना. मग तिने सुरुवात केली ती फिर्मिनू गेला त्या आठवड्यापासून.

"तुम्ही पहिल्यांदा एकटे आलात ना," ती म्हणाली, "तेव्हा मी म्हटलं, बरं झालं आलात. मला वाटलं होतं, आता कुणी येणार नाही."